समई विझवली त्या घरातली पत्रं

अंबत्तूर, १४ मे १९६७

चि. सुंदर यास भीमसेनाचा आशीर्वाद. आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिला आहे, राग अजून गेलेला नाही.

गेल्या रविवारी तू माझ्या घरातून न जेवता निघून गेलास. मी 'चालता हो' म्हणालो, हे कबूल. पण मेहुणा 'चालता हो' म्हणाला म्हणून माणूस खरोखर चालता होतो का रे? तुझ्या अक्कानं पानं मांडली होती. तुझ्यासाठी मुद्दाम डांगर आणि अंबटभाजी केली होती. तू पिशवी उचललीस, आणि ती पळी हातात घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळी ते सगळं गाईला घातलं.

तू पुण्यात मोठा सर्जन झालास, चांगली गोष्ट आहे. आई गेली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. ज्या बाईनं तुला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या छातीत लिंबाएवढी एक गाठ लागली, तर तू काय केलंस? 'भावजी, उद्याच्या उद्या अड्यारला न्या, तिथं कॅन्सरचं इस्पितळ आहे, कापून काढतील.' उद्याच्या उद्या! ती गाठ पोंगलपासून आहे. चार महिने तिनं काही केलं नाही, ती एका रात्रीत काय करणार होती?

आणि वर मला म्हणालास, 'तुम्हाला त्यातलं कळत नाही.' सुंदर, मी बावीस वर्षं ऑक्सिजन भरतोय. तू माणसं कापतोस, मी माणसं ज्याच्यावर जगतात ते सिलिंडरमध्ये भरतो. माझ्या शेडमध्ये सतरा माणसं आहेत. एकालाही हा रोग नाही. व्यंकोजीला तू पाहिलं आहेस, माझा सगळ्यात जुना गडी. विसाव्या वर्षी व्हॉल्व्हपाशी उभा राहिला, आज अठ्ठावन्नचा आहे, अजून भरलेला सिलिंडर एकटा फिरवतो. दिवसभर गळका ऑक्सिजन त्याच्या नाकातोंडात जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

नुंगंबाक्कमला प्रोफेसर विजयकुमार म्हणून एक गृहस्थ व्याख्यानं देतात. त्यांनी छापील पुस्तिकाच दिली आहे. एका जर्मन शास्त्रज्ञाला जगातलं मोठ्यातलं मोठं बक्षीस मिळालंय, आणि त्यानं सिद्ध केलंय की कॅन्सरची पेशी ऑक्सिजनवाचून जगते. म्हणजे तिला ऑक्सिजन दिला की ती मेली! इतकी सोपी गोष्ट. मग डॉक्टर लोक का सांगत नाहीत? हवा कोणाच्या मालकीची नाही म्हणून. रेडियमवाल्यांचं दुकान बंद पडेल म्हणून. सगळ्यांनी मिळून दाबून ठेवलंय. तू त्यांच्यातला आहेस असं मी म्हणत नाही. तुला त्यांनी शिकवलंच नसेल.

अक्का तुला विसरली नाही. पत्राच्या खाली तिचा आशीर्वाद धर.

भीमसेन


अंबत्तूर, २ जुलै १९६७

चि. सुंदर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळींत तीन वेळा 'ऑपरेशन'. बरं.

आता आमच्याकडची हकीकत ऐक. मालकांना विचारून एक सिलिंडर घरी आणला आहे. बैलगाडीतून आणला तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. शेजारच्या कनकाला वाटलं आम्ही बॉम्ब आणलाय. आतल्या खोलीत भिंतीला साखळीनं बांधून उभा केला, गेज लावलं, रबरी नळी, मास्क. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. मी स्वतः चावी फिरवतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

आमच्या शेडचा पहिला नियम तुला माहीत आहे ना? ऑक्सिजनजवळ तेल नाही आणि ज्योत नाही. व्हॉल्व्हला तेलाचा नुसता हात लागला तरी भडका उडतो. नवा माणूस आला की मी आधी त्याचं डोकं हुंगतो. खोबरेल लावून आला असेल तर परत पाठवतो. घरातही तोच नियम लावला आहे. चूल मागच्या पडवीत नेली. देवाची समई विझवली. ती समई आमच्या आईची, तंजावरहून आलेली, अक्कानं लग्न झाल्यापासून एक दिवस विझू दिली नव्हती. देव आतल्याच खोलीत आहेत, मी तरी काय करू? आणि शुक्रवारचं तेलाचं नाहाणं बंद.

यावरून घरात रोज कुरबुर आहे. 'अहो, माझ्या केसांचा झाडू झाला. उद्या अंगण झाडायला मलाच उलटं धराल.' मी हसलो. मग म्हणाली, 'देवाला अंधारात ठेवून कोणाचं भलं झालंय?' मी म्हणालो, तुझं होणार आहे. त्यावर तिनं मास्क लावून घेतला.

पण गालावर रंग आला आहे. कनकाही म्हणाली. गाठ मला थोडी मऊ लागली. अक्का म्हणते तेवढीच आहे. तिला रोज हात लावून कळत नसेल. तुला हे लिहितोय ते हिणवायला नाही, पण कधी तरी मान्य कर की तुझ्या अडाणी भावजीला एखादी गोष्ट कळू शकते.

भीमसेन


अंबत्तूर, १० सप्टेंबर १९६७

चि. सुंदर यास आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र पोचलं. तीन दिवस वाचत होतो. मराठी पार पुण्याची झाली आहे तुझी. आमच्या बोलण्याला तिकडे हसत असशील.

तू लिहितोस, त्या जर्मन शास्त्रज्ञानं पाहिलं ते एवढंच की कॅन्सरच्या पेशी साखर आंबवून जगतात, आणि शेजारी ऑक्सिजन भरपूर असला तरी त्या तसंच करतात. म्हणजे ऑक्सिजननं त्यांचं काही बिघडत नाही. त्याच्या शोधावरून औषध बनवलं ते भलत्याच लोकांनी. असेल. तू लिहितोस, धडधाकट फुप्फुसाच्या माणसाचं रक्त साध्या हवेतच ऑक्सिजननं जवळजवळ भरलेलं असतं, भरल्या घागरीत आणखी किती ओतणार. हेही असेल. आणि शेवटी, 'भावजी, लपवलेलं औषध प्रत्येक इस्पितळात खाटेशेजारी उभं असतं का?' हे वाक्य लिहून तुला फार बरं वाटलं असेल.

मग मला एक सांग. महिनाभर अक्काला दम लागतो. विहिरीपर्यंत गेली तरी बसते. पण मास्क लावला की पाच मिनिटांत तिला बरं वाटतं. मी डोळ्यांनी बघतो. हे काय आहे मग? तुझ्या आठ पानांत याचं उत्तर नाही, कारण तू इथे नाहीस. आता मी दिवसाचे सहा तास केले आहेत.

हात थोडा सुजला आहे, त्या बाजूचा. बांगड्या काढाव्या लागल्या. एक फुटली, तिला वाईट वाटलं. प्रोफेसर विजयकुमार म्हणतात, विष बाहेर पडताना सूज येतेच. घाबरायचं नाही.

शेडमध्ये काम फार आहे. व्यंकोजी रजेवर गेलाय, गावी. पोटाचं काहीतरी आहे. या वयात असायचंच.

अक्का पत्र लिहीत नाही म्हणून मनात काही आणू नकोस. हात दुखतो तिचा. तू खुशाल राहा.

भीमसेन


अंबत्तूर, ३ नोव्हेंबर १९६७

सुंदर,

हे पत्र एक्स्प्रेस डिलिव्हरीनं टाकतोय. तार करायला गेलो होतो. तारघरातल्या माणसानं फॉर्म दिला, आणि त्याच्यासमोर काय लिहायचं ते सुचेना. परत आलो. पत्र मिळताच निघ. आधी हे लिहितो, कारण पुढचं वाचून तू पत्र फाडशील.

परवा दीपावली झाली. पहाटे उठलो तर अक्का अंथरुणात नव्हती. मागच्या पडवीत पाटावर बसली होती, समोर तेलाची वाटी. स्वतःच्या हातानं समई घासून लावली होती. पाच महिन्यांनी मी ती ज्योत पाहिली. मी ओरडलो. आत सिलिंडर आहे, वेड लागलंय का तुला? ती म्हणाली, 'आज गंगास्नान आहे. आज मी तेल लावणार. तुमचा तो काळा राक्षस हवा तर घर जाळू दे.' अशी ती कधी बोलली नव्हती. कनका तिच्या पाठीला तेल लावायला आली होती. तिनं पदर बाजूला केला आणि 'अय्यो' म्हणून तोंड फिरवलं.

कातडी फुटली आहे, सुंदर. दोन आठवडे झाले म्हणे. ती फडकं बांधायची आणि मला सांगायची नाही. कशाला सांगेल? मी म्हणालो असतो विष बाहेर पडतंय.

काल अड्यारला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गाठ केव्हा दिसली. मी म्हणालो, दोन-तीन महिने झाले. अक्का बाकावर टेकून बसली होती, तिला बोलायला दम पुरत नव्हता, तरी म्हणाली, 'पोंगलला.' डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. छातीचा फोटो काढला. फुप्फुसाभोवती पाणी झालंय. ते काढलं, दाखल करून घेतलं. मी म्हणालो, आता कापा, मी सही देतो, कुठे सही करू ते सांगा. ते म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. त्रास कमी होईल एवढं करू.

दम त्या पाण्यानं लागत होता. मास्कनं बरं वाटायचं ते त्यामुळेच. तू इथे असतास तर ऑगस्टमध्येच ओळखलं असतंस.

आता व्यंकोजीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं की तो गावी गेलाय. तो गावी नव्हता, याच अड्यारच्या इस्पितळात होता. जठराचा कॅन्सर. मला तो ऑगस्टच्या अखेरीस कळला. त्याचा मुलगा तुळजाजी शेडमध्ये येऊन सांगून गेला. ज्या माणसाच्या जिवावर मी तुला मे महिन्यात एवढं मोठं पत्र लिहिलं, तो माणूस! अडतीस वर्षं गळका ऑक्सिजन पोटात घेतलेला. मी तुळजाजीला पहिलं काय म्हणालो असेन? 'घरी अक्काला सांगू नकोस.' बापाचं विचारलं नाही आधी.

त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. तू पुढे आठ पानांत लिहिलंस ते पटायला तुळजाजीचं एक वाक्य आधीच पुरलं होतं. तरी मी घरी गेलो आणि चावी फिरवली. सहा तास केले ते त्यानंतर. का, ते विचारू नकोस. थांबवलं असतं तर मे महिन्यापासूनचे सगळे दिवस फुकट घालवले हे तिच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं. ते जमलं नाही मला. दहा ऑक्टोबरला व्यंकोजी गेला. मी त्याला खांदा दिला आणि घरी येऊन मास्क धुतला.

तू मला काय म्हणायचं ते म्हण, पण ये. ती तुझं नाव काढते.

भीमसेन


अंबत्तूर, ८ नोव्हेंबर १९६७

सुंदर,

हे पत्र पोस्टात जायचं नाही. मी सेंट्रल स्टेशनवर तुझ्या हातात देणार आहे. तोंडानं सांगायला गेलो तर मी काहीतरी दुसरंच बोलेन, मला स्वतःची खात्री राहिलेली नाही.

अक्का आज पहाटे पाचला गेली.

काल दुपारी तुझी तार आली, 'निघालो.' तेव्हा ती शुद्धीवर होती. दाखल केलं त्या दिवशी वॉर्डात नेलं तेव्हा बाहेरच्या पडवीत ऑक्सिजनचे सिलिंडर ओळीनं उभे होते, नऊ-दहा तरी. कोणी लपवले नव्हते. येणारे-जाणारे त्यांना टेकून विड्या ओढत होते, त्यांना मी हाकललं. त्यातल्या एकाच्या खांद्यावर आमच्या शेडचा शिक्का होता. नंबर मी ओळखला, माझ्याच हाताखाली भरलेला. तोच तिच्या खाटेपाशी आणला. नर्स चावी लावायला लागली तेव्हा मी तिला हात पुसायला लावले. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर का? मी म्हणालो, नाही, गॅस भरतो.

त्या ऑक्सिजननं तिला श्वास घेता आला. तेवढं काम त्याचं आहे, आणि ते तो चोख करतो. मीच त्याच्याकडून भलतं मागत होतो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

पत्राबरोबर एक पाकीट आहे. त्यावर पत्ता माझ्या अक्षरात आहे. अक्काला इंग्रजी येत नाही, म्हणून तिनं मला लिहायला सांगितला. तिकीटही मीच लावलं. तारीख अठरा ऑगस्ट, तिनं आत घातली असेल. तिनं दोन दुपारी बसून ते लिहिलं, दुखऱ्या हातानं, मध्ये मध्ये थांबून. माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, 'आजच्या आज टाका हं.' मी हो म्हणालो. शर्टाच्या खिशात ठेवलं. स्टेशनजवळच्या पेटीपाशी उभाही राहिलो.

मी ते उघडलं नाही. आत काय आहे ते कळायला उघडावं लागत नव्हतं. तिनं तुला बोलावलं असणार. तू आला असतास, तिला घेऊन गेला असतास, आणि मी दारात पळी घेऊन उभा राहिलो असतो. म्हणून नाही टाकलं. शेडमधल्या माझ्या कपाटात, चाव्यांच्या खाली होतं. पुढे जेव्हा मी तुला लिहिलं की हात दुखतो म्हणून अक्का लिहीत नाही, तेव्हा ते पाकीट माझ्यापासून चार हातांवर होतं.

ती रोज विचारायची, 'सुंदरचं उत्तर आलं?' मग आठवड्यानं विचारायला लागली. मी म्हणायचो, मोठा डॉक्टर झालाय, वेळ नसेल. एकदा मी म्हणालो, माझ्यावरचा राग तुझ्यावर काढत असेल. त्यानंतर तिनं विचारलं नाही. तुझं आठ पानी पत्र आलं तेही मी तिला दाखवलं नव्हतं. तीन महिने तिला वाटत होतं की ज्याला तिनं वाढवलं त्यानं तिचं पत्र वाचून गप्प राहायचं ठरवलं.

हे मी केलं आहे. ऑक्सिजनचं मी निदान चुकून केलं. हे चुकून नाही.

काल तुझी तार वाचून दाखवली तेव्हा तिनं मास्क बाजूला केला. मी म्हणालो, काढू नको. तिनं विचारलं, 'माझ्या पत्रावरून निघाला का?'

मला खरं सांगायचं होतं. शपथ सांगतो, तोंड उघडलं होतं मी. तिचा चेहरा बघितला आणि म्हणालो, 'हो. तुझं पत्र उशिरा पोचलं त्याला. पोस्टात अडकलं होतं. मिळाल्याबरोबर निघाला.'

ती हसली. म्हणाली, 'मला वाटलंच. पोस्टाचीच चूक. तो तसा नाही.' मग मास्क लावून घेतला. नंतर कनकाला तेवढं म्हणाली, घरी डांगर कर, तो मागच्या वेळी जेवला नाही.

सकाळी तिला घरी आणलं. उशाशी समई लावली आहे, तीच. वातीला तेल मी घातलं. सिलिंडर दोघांनी उचलून अंगणात नेऊन ठेवला आहे, उद्या परत जाईल. तुझी गाडी दुपारची आहे. तोवर नेत नाही, भटजींना सांगितलंय की भाऊ येईपर्यंत हलवायचं नाही.

फलाटावर तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. हे पत्र आणि पाकीट घे, आणि वेगळ्या टॅक्सीनं घरी ये. पत्ता माहीत आहेच. पाकिटात काय आहे ते मला सांगू नकोस. लोकांना माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांग, मी मान खाली घालून ऐकेन. फक्त तिच्यापाशी बसशील तेव्हा पत्राचं काही बोलू नकोस. तिला वाटतंय ते पोचलं.

भीमसेन